मोटरीचा नंबर

भैरववाडीत कुणी फोन नंबर मागितला, की माणसं मोटरीचा नंबर देतात.

यात काही लबाडी आहे असं तिथं कुणाला वाटत नाही. कृष्णेच्या काठावरच्या पंपाला मोबाईल स्टार्टर बसवला, की त्याच्या डब्यात एक सिमकार्ड घालावं लागतं. घरून त्या नंबरला फोन लावायचा. एक दाबलं की मोटर चालू, दोन दाबलं की बंद. म्हणजे घरटी एक नंबर असा झाला, की ज्यावर बोलायला कुणी नाही. मग साडीच्या दुकानात, बँकेत, साखर कारखान्याच्या सभासद-यादीत, कराडच्या लकी ड्रॉच्या चिठ्ठीवर तोच द्यायचा. कर्जवाल्यांनी, विमावाल्यांनी आणि निवडणुकीला उभं राहणाऱ्यांनी खुशाल मोटरीशी बोलत बसावं. नंबर दिल्याचा मान राहतो आणि डोक्याला ताप होत नाही. ही युक्ती वाडीत पहिल्यांदा आपण काढली, असं नानासोंचं म्हणणं होतं. वाडीत आणखी दहाबारा जणांचंही हेच म्हणणं होतं.

नानासोंची मुलगी अंकिता सांगलीजवळ कुपवाडला, हे डबे बनवणाऱ्या कारखान्यातच नोकरीला होती. डब्याच्या पोटातला प्रोग्रॅम तिचा. कुठला फोन आला तर मोटरीनं काय करायचं, हे ठरवणारी तीच. आणि सुट्टीला घरी आल्यावर बाप मोटरीचा नंबर कुठंकुठं वाटत सुटतो ते बघून हसणारीही तीच. पण या दोन गोष्टींची गाठ तिच्या डोक्यात कधी पडली नव्हती. ती पडली जोतीराम वायरमनची दोन बोटं गेल्यावर.

मिरजेच्या दवाखान्यात जोतीराम उजवा हात उशीवर ठेवून पडला होता. वाडीत तोवर निकाल लागला होता. मोटर आकारामची, आकाराम म्हणजे नानासोंचा चुलतभाऊ. जोतीराम पंपाची ग्लँडदोरी, म्हणजे दांड्याभोवती पाणी गळू नये म्हणून गुंडाळलेली दोरी, बदलायला खाली उतरला आणि घरी बसलेल्या आकारामनं चुकून एक दाबलं, असं निम्मी वाडी म्हणत होती. मुद्दाम दाबलं, असं उरलेली निम्मी म्हणत होती. नानासो दोन्हीकडं होते.

"काका, मोटर नक्की बंद होती?" अंकितानं विचारलं.

"बंद करूनच हात घातला की गं. मी काय येडा हाय व्हय? आकारामला फोन केला, तेनं दोन दाबलं, मोटर थांबली. मगच उतरलो."

"मग फ्यूज का नाही काढलात?"

"तुझा डबा बसवल्यापास्नं कोण फ्यूज काढतंय? तूच आलीवतीस की बसवताना. म्हनलीस, काका, मालकाच्या फोनशिवाय हा कुणाच्या बापाचं ऐकत न्हाई."

असं ती म्हणाली होती. 'बापाचं' एवढं सोडून.

"आकाराम सारखा फोन करतोय," जोतीराम म्हणाला. "म्या न्हाई दाबलं म्हनून रडतोय. मी म्हनलं, बरं बाबा, न्हाई दाबलंस. आता काय, बोटं का परत चिकटत्यात?"

आकारामनं डबा स्वतःच्या हातानं काढून तिच्या पिशवीत घातला. कुपवाडला आल्यावर तिनं तो टेबलावर उघडला आणि सिममधले मेसेज वाचायला घेतले. दागिन्यांच्या मजुरीवर सूट, तीन बँकांची कर्जं, एक विम्याचा हप्ता, दोन आमदारकीच्या इच्छुकांकडून वाढदिवसाच्या शुभेच्छा. आकारामच्या मोटरीच्या ओळखी खुद्द आकारामपेक्षा वरच्या होत्या. आणि बरोब्बर अपघाताच्या वेळेला आलेला एक मेसेज, साखर कारखान्याच्या निवडणुकीतल्या एका पॅनेलचा. 'सन्माननीय सभासद बंधू-भगिनींनो, सप्रेम नमस्कार' इथून सुरुवात. मग एकवीस उमेदवार, प्रत्येकाच्या मागं बापाचं नाव, गाव आणि जगानं ठेवलेलं टोपणनाव.

तिनं तो जसाच्या तसा आपल्या फोनवरून डब्याला पाठवला. डबा जरा वेळ गप्प राहिला. मग आत मोटर चालू करणारा खटका, म्हणजे रिले, पडला: खट्.

मालकाचा नंबर नाही, एक नाही, दोन नाही. नुसत्या सप्रेम नमस्काराला मोटर चालू.

कारण सापडायला दुपार गेली आणि पटायला संध्याकाळ. मेसेज वाचायचं काम तिच्या प्रोग्रॅमचं नव्हतं. ते करणारा तुकडा फुकट मिळणाऱ्या एका लायब्ररीतला, म्हणजे तयार प्रोग्रॅमच्या साठ्यातला, होता. परदेशात कुणीतरी हौसेनं लिहिलेला, कुणीही घ्यावा असा. म्हणून सगळ्यांनीच घेतलेला. गाड्यांचे ट्रॅकर, दारांची कुलुपं, दूध थंड ठेवायच्या टाक्या, जिथं म्हणून सिमकार्ड बसतं तिथं तो होता. इतके लोक वापरतात म्हणजे कुणीतरी तपासलाच असणार, असं प्रत्येकानं धरलं होतं. अंकितानंही. लग्नाहून परतताना आहेराची पिशवी दुसऱ्यानं घेतली असंल म्हणून सगळे हात हलवत गाडीत बसतात, त्यातलाच प्रकार.

लांब मेसेज तुकड्या-तुकड्यानं येतो. लायब्ररी त्याच्यासाठी ठरावीक जागा राखते आणि येईल ते त्या जागेत ओतत जाते. मावतंय का, ते बघत नाही. पायलीच्या मापात दीड पायली ओतली तर जास्तीचं शेजारच्या पोत्यात सांडणार. इथं शेजारच्या पोत्यात मोटर चालू की बंद याची खूण ठेवलेली. शून्य म्हणजे बंद, दुसरं काहीही म्हणजे चालू. एकवीस उमेदवारांतला कुणीतरी तळाचा त्या खुणेवर जाऊन बसला होता. इंग्रजी जाहिराती आखूड असत, त्या मापात मावत. मराठी अक्षरं जागा जास्त खातात, आणि मराठी माणूस नमस्कारातच निम्मा मेसेज संपवतो.

पाठवणारा मालक आहे का, ही तपासणी अंकितानं ठेवली होती. नीट ठेवली होती. फक्त ती मेसेज वाचून झाल्यावर व्हायची. म्हणजे पाहुणा जेवून, हात धुऊन, सुपारी तोंडात टाकून उठला, की त्याला विचारायचं, आपण कुणाकडचे?

आणि हे सगळं चुकून झालेलं. मुद्दाम करायचं तर फक्त नंबर ठाऊक हवा. काय लिहिलं की मोटर चालू होते आणि काय लिहिलं की बंद, हे तिनं करून पाहिलं. दोन्ही झालं.

दुरुस्ती दोन ओळींची होती: आधी लांबी बघ, मावत नसेल तर टाकून दे. पण ती डब्यात घालायची तर डबा उघडून त्याला तार जोडावी लागणार. आणि डबे तर पाटणपासून जतपर्यंत नदीकाठांवर, विहिरींवर लटकलेले.

"लायब्ररी आपण लिहिलीय का?" उदयसिंहदादांनी विचारलं. डब्यांचा कारखाना त्यांचा.

"नाही."

"मग चूक आपली कशी?"

"डबा आपला आहे, दादा. बोटं जोतीकाकांची आहेत."

"अगं, जगातल्या मोठमोठ्या कंपन्या वापरतात म्हणतेस. त्यांना कळलं नाही आणि कुपवाडात कळलं?"

"त्यांच्या डब्यांना साखर कारखान्याची निवडणूक लागत नाही."

दादांनी चहा मागवला. अडचणीचा विषय निघाला की ते चहा मागवत, म्हणजे कप येईपर्यंत उत्तर द्यावं लागत नसे. कप आला. "हे बघ, रविवारी मतदान. त्यानंतर कोण कुणाला नमस्कार घालतंय? आपोआप मिटलं."

"शुक्रवारी सकाळी अकराला पॅनेलचा शेवटचा मेसेज जाणार आहे, तसं त्या मेसेजातच लिहिलंय. सगळ्या सभासदांना. त्या वेळी कुणाचा हात कुठल्या पंपात असेल, सांगता येतं का? सगळे डबे परत बोलवा, दादा. मी दुरुस्त करते."

"परत बोलवायचे म्हणजे आमची चूक झाली म्हणून गावोगाव दवंडी पिटायची. त्यापेक्षा लोकांना सांग, मोटरीचा नंबर कुठं देऊ नका."

"ते चार वर्षांपूर्वी, डबे विकायला लागलो तेव्हाच सांगायला पाहिजे होतं."

"मग सांगायचंस की तू!" दादा म्हणाले आणि मुद्दा जिंकल्यासारखे चहा प्यायले.

लायब्ररी सांभाळणाऱ्यालाही तिनं कळवलं होतं. त्याचं उत्तर सभ्य होतं. आपण एकटेच हे काम बघतो, तेही नोकरी सांभाळून, सवडीनं. जमेल तितक्या लवकर दुरुस्त करतो. तोवर कृपया बाहेर बोलू नका, चोरांना आयती वाट मिळेल. इथवर बरोबर होतं. शेवटी त्यानं लिहिलं होतं, की घाबरण्यासारखं फार नाही, कारण अशा यंत्राचा नंबर मालक गुपितच ठेवत असणार.

अंकितानं ते वाक्य दोनदा वाचलं. कराडच्या साडीच्या दुकानात काउंटरवर वाकून, चष्मा कपाळावर चढवून, मोठ्या आवाजात गुपित सांगणारे तिचे वडील, आबा, तिच्या डोळ्यांपुढं उभे राहिले.

मग तिनं पॅनेलच्या मेसेजचं बघणाऱ्या धैर्यशीलला गाठलं. उमेदवाराचा मुलगा, बोलायला गोड.

"ताई, तुम्ही समोरच्या पॅनेलच्या का?"

"मी कुणाच्याच पॅनेलची नाही. तुमचा मेसेज मोटरींना जातोय."

"आम्ही यादीतल्या नंबरला पाठवतो. यादी सभासदांनीच भरलीय. आता सभासदानं मोटरीला आपलं माणूस मानलं, त्याला आम्ही काय करणार?"

"निदान आखूड तरी करा. निम्मा केला तरी चालेल."

"निम्मा?" धैर्यशीलचा आवाज पहिल्यांदा गंभीर झाला. "ताई, एकवीस उमेदवारांतलं कुणाचं नाव कापू, ते तुम्हीच सांगा. ज्याचं कापीन तो दुपारपर्यंत समोरच्या पॅनेलच्या जीपमध्ये बसलेला दिसेल."

गुरुवारी ती रजा टाकून वाडीला आली. एसटीत बसल्यापासून उतरेपर्यंत तिनं गिऱ्हाइकांना फोन लावले होते: उद्या मेन स्विच पाडून ठेवा, धोका आहे. सगळे "बरं बरं" म्हणाले होते. 'बरं बरं' म्हणजे काय, हे तिला बालवाडीपासून ठाऊक होतं.

नानासो जेवून कॉटवर आडवे झाले होते.

"आबा, आपला डबा काढून आणा."

"कशाला? झकास चालतोय की."

"मोटर आपोआप चालू होते. जोतीकाकांची बोटं गेली ना."

"ती आकारामनं घालवली."

"नाही घालवली त्यांनी. मी तपासलंय. निवडणुकीच्या मेसेजनं चालू झाली मोटर."

"आगं, त्या मेसेजनं मानसं उटून मतदानाला जाईनात, मोटर कशी उटंल?"

"उद्या अकराला परत येणार आहे तो. अहो, कुणाचा तरी जीव जाईल!"

"जायाचा आसंल तर वळचणीला बसूनबी जातोय. उद्या दिवसाची लाईट हाय, ऊस भिजवायचा हाय. निवांत झोपू दे." नानासोंनी भिंतीकडं तोंड केलं.

अंकिताच्या अंगाचा तिळपापड झाला. "झोपा! खुशाल झोपा! आणि ऐकून झोपा. तो मेसेज पॅनेलवाल्यांनीच पाठवायला पाहिजे असं काही नाही. ज्याला आपल्या मोटरीचा नंबर ठाऊक आहे, त्या कुणालाही ती घरबसल्या चालू करता येते. बंदसुद्धा करता येते. आकारामकाकांना ठाऊक आहे का आपला नंबर?"

कॉट करकरली.

"बंदबी करता येतीया?"

"येते."

"आकारामला?"

"त्यांना नाही जमायचं. सुनेला जमेल."

नानासो उठून बसले. "म्हंजी मी हिकडं पाणी सोडून घरला यायचं, आनि तेनं तिकडं बसून... आगं, गेल्या म्हैन्यात दोनदा मोटर मधीच बंद पडलीवती!"

"लाईट गेली होती, आबा."

"तुला काय ठावं, लाईट गेलीवती का आकारामची सून उटलीवती?"

त्यांनी टोपी घातली, पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हर घेतला, आणि चपला शोधण्यात वेळ न घालवता तसेच अनवाणी नदीकडं निघाले. दारातून मागं वळून म्हणाले, "आकारामला ह्यातलं काय बोललीस का?"

"नाही."

"बोलू नगंस."

अंकिता उंबऱ्यात उभी राहिली. आठवडा झाला ती जिवाचं सांगत होती. बोटं, हात, मरण. कुणी कूस बदलत नव्हतं. आणि भाऊबंद आपली मोटर बंद करू शकतो एवढं कळल्यावर सत्तरीचा माणूस भर उन्हात अनवाणी निघाला होता. तिला राग येत होता, बापाचा, दादांचा, त्या परदेशातल्या सभ्य माणसाचा, आणि पहिल्यांदा आपला स्वतःचा. कारण ती जे खेकसून बोलली ते खोटं नव्हतं. दोष तोच होता. जीव जातो हा त्याचा एक पदर, आणि कुणीही दुसऱ्याच्या मोटरीचा मालक होतो हा दुसरा. ती चुकीचा पदर धरून ओढत बसली होती.

बाहेर बोलू नका, असं तो माणूस म्हणाला होता. त्याचंही बरोबर होतं. असं करता येतं हे एकदा सांगितलं, की खोऱ्यातल्या प्रत्येक भाऊबंदाला कळणार. न सांगावं तर उद्याचे अकरा वाजणार. तिनं गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहायला घेतलं. धोका, अपघात, जीव हे शब्द लिहून खोडले. उरलं ते असं: 'आपल्या मोटरीचा नंबर ज्यांना माहीत आहे, ते शेजारी किंवा भाऊबंद आपली मोटर परस्पर चालू अथवा बंद करू शकतात. उद्या सकाळी अकराच्या आत डबा काढून कुपवाडला आणावा. मोफत दुरुस्त करून मिळेल.' कसं करतात, ते लिहिलं नाही. डोळे मिटून तिनं बोट टेकवलं.

दादांचा फोन लगेच आला. "हे काय करून बसलीस?"

"खरं सांगितलं."

"तुला नोकरीवर ठेवायचं का नाही, ते बघतो मी!"

"उद्या डबे घेऊन लोक येतील, ते दुरुस्त कोण करणार तेवढं आधी बघा. मग मला सांगा."

शुक्रवारी सकाळी कुपवाडला कारखान्याच्या फाटकापासून रस्त्यापर्यंत रांग होती. डबे पिशवीत, टॉवेलात, एकाचा दुधाच्या किटलीत. विट्याकडचा एक जण थोरल्या भावाचा डबा घेऊन आला होता; भाऊ कोइमतुरात सोनं गाळायच्या दुकानात बसून फोनवर ओरडत होता, "रांगंत थांबू नगंस, म्होरं घूस!" चुलतभाऊ, सख्खे भाऊ, बांधाला बांध असलेले एकमेकांपासून चार माणसं सोडून उभे होते. जीव वाचवायला आलोय असं त्यांतल्या एकाच्याही तोंडावर नव्हतं. आकारामही आला होता, डबा तर कधीच इथं देऊन बसलेला. तो भिंतीला टेकून नुसता उभा होता. नानासोंनी त्याच्याकडं पाठ केली होती.

अंकिता सकाळी सातपासून डबे उघडत होती. दादा केबिनमधून बाहेर आले नव्हते. टेबलावर, टेबलाखाली, पायऱ्यांवर डब्यांची चळत लागली होती. अजून निम्मे व्हायचे होते.

अकरा वाजले.

लाईट गेली तर मालकाला कळवता यावं म्हणून डब्यात छोटी बॅटरी असते, त्यामुळं तारेवरून काढला तरी डबा जागाच राहतो. पहिल्यांदा टेबलाखालून आवाज आला: खट्. मग पायऱ्यांवरून दोन. मग कढईत लाह्या फुटाव्यात तसे रांगेतल्या पिशव्यांतून, टॉवेलांतून, किटलीतून खट्, खट्, खट्. किटलीवाल्यानं किटली खाली ठेवून तिच्यापासून दोन पावलं मागं घेतली. कुणाच्याही हातात फोन नव्हता. सगळ्यांच्या हातात डबे होते.

दादा केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांनी पायरीवरचा एक डबा उचलला, कानाशी नेला, आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"बगा," आकाराम भिंतीपासून म्हणाला. "बगा, कोण दाबतंय."

नानासो हळूहळू वळले. "म्हंजी त्वा न्हाई दाबलंस."

"आठ दिस तेच सांगतोय."

"आनि माजी बंद पडलीवती ती?"

"तुझी तू बग की लेका!"

दादांनी खुर्ची ओढली, स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि अंकिताच्या शेजारी बसून डबे उघडायला लागले. नोकरीचं पुन्हा निघालं नाही. जे आले नव्हते त्यांच्या मोटरी अकराला काठाकाठानं चालू झाल्या, असं नंतर कळत गेलं. कुठल्याही पंपात कुणाचा हात नव्हता. ते मात्र कुणाच्याच शहाणपणामुळं नव्हे.

दुपारी तिच्यापुढं एक म्हातारा आला. झालेला डबा त्यानं पिशवीत घातला आणि खुर्चीवर बसून राहिला. मग वाकून हळूच म्हणाला, "बाई, आमच्या शेजाऱ्यानं डबा आणलेला न्हाई. नंबर हाय माझ्यापाशी. तेवढं त्यात काय लिवायचं आसतंय?"

सकाळपासूनचा हा कितवा होता, ते तिनं मोजायचं सोडलं होतं. पहिल्या चौघांवर ती ओरडली होती. पाचव्यापासून तिनं ओरडणं बंद करून कोरा कागद पुढं ओढला होता.

"शेजाऱ्याचं नाव, गाव आणि नंबर सांगा," ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं खुशीत सगळं सांगितलं. तिनं लिहून घेतलं, फोन उचलला आणि त्याच्याकडंच शेजाऱ्याचा दुसरा नंबर मागितला, मोटरीचा नव्हे, शेजारी स्वतः उचलतो तो.

"तो कशाला?"

"त्यांना सांगते की, तुमच्या मोटरीचा नंबर ह्यांच्याकडं आहे. तासाभरात डबा घेऊन येतील."

म्हातारा उठला. "तुमी लय वंगाळ हाय, बाई," म्हणाला, आणि शेजाऱ्याचा दुसरा नंबर सांगून गेला.